खुला व्यापार आणि जकातीची भिंत

१९३२ सालच्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस ब्रिटिश पार्लमेंटांत अर्थमंत्री नेव्हिल चेंबर्लेन यांनीं आयात जकातीची योजना मांडली. परदेशांतून येणाऱ्या बहुतेक मालावर शेंकडा १० जकात बसवावी, एवढाच तिचा गाभा होता. आंकडा म्हणून पाहिला तर तो कांहीं मोठा नव्हे. अमेरिकेच्या त्या वेळच्या जकातींपुढें तो किरकोळच ठरेल. तरीहि त्या दिवशीं सभागृह भरगच्च भरलें होतें, आणि भाषण संपल्यावर अर्थमंत्र्यांचे सावत्र बंधु सर ऑस्टिन आपल्या जागेवरून उठून आले व त्यांनीं धाकट्या भावाचा हात हातांत घेतला. त्यामागें घरचा इतिहास होता. दोघांचे वडील जोसेफ चेंबर्लेन यांनीं १९०३ सालीं हीच मागणी घेऊन सारें इंग्लंड ढवळून काढलें होतें. जकात बसली कीं पाव लहान होणार, या एका धास्तीनें मतदार बिथरले आणि १९०६ च्या निवडणुकींत त्यांच्या पक्षाचा धुव्वा उडाला. वडिलांना जें साधलें नाहीं तें मुलानें साधलें, आणि १८४६ पासून ८६ वर्षें इंग्लंडचा जणूं दुसरा धर्मच होऊन बसलेला खुल्या व्यापाराचा सिद्धांत एका दुपारीं मोडीत निघाला. या धर्माची दीक्षा इंग्लंडनें स्वतः घेतली होती, तशीच ती हिंदुस्थानलाहि दिली होती. फरक एवढाच कीं, हिंदुस्थानला कोणी विचारलें नव्हतें. म्हणून या सिद्धांताच्या उदयास्ताची हकीकत वेस्टमिन्स्टरला सुरू होत असली तरी मुंबईच्या गिरण्यांत आणि वऱ्हाडच्या कापसाच्या शेतांत गेल्यावांचून ती पुरी होत नाहीं.

खुल्या व्यापाराच्या पुरस्कर्त्यांना सरसकट ढोंगी ठरविणें मात्र अन्यायाचें होईल. १८४६ पूर्वीं इंग्लंडांत परदेशी धान्यावर जबर जकात असे. तिचा लाभ जमीनदारांना मिळे आणि तोटा कारखान्यांतील मजुराच्या पोटाला बसे. मँचेस्टरचे रिचर्ड कॉब्डेन व त्यांचे सहकारी जॉन ब्राइट यांनीं या धान्य-कायद्यांविरुद्ध जो लढा उभारला त्यांत न्यायाची चाड होती, आणि गिरणीमालकाची हिशेबी दृष्टीहि होती. धान्य स्वस्त झालें तर मजुरी फार वाढवावी लागत नाहीं, आणि इंग्लंडनें परक्यांचें धान्य घेतलें तर परके इंग्लंडचें कापड घेतील, हा तो हिशेब. आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजलें, दुष्काळ पडला, आणि पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांनीं स्वपक्षांत फूट पडण्याची पर्वा न करतां हे कायदे रद्द करविले. पुढें १८४९ सालीं परदेशी जहाजांवरील जुने निर्बंध गेले. १८६० सालीं फ्रान्सशीं तह होऊन दोन्ही देशांच्या जकाती उतरल्या. ज्या देशाला जें उत्तम साधतें तें त्यानें करावें, बाकीचें दुसऱ्याकडून घ्यावें, आणि व्यापाराच्या धाग्यांनीं राष्ट्रें इतकीं गुंफलीं जावींत कीं त्यांना लढाई परवडूंच नये, अशी कॉब्डेनची श्रद्धा होती.

श्रद्धा खरी, परंतु ती सुचली केव्हां, हेंहि पाहिलें पाहिजे. १७०० सालच्या कायद्यानें हिंदुस्थानचें छापील कापड इंग्लंडांत वापरासाठीं आणण्यास बंदी झाली. १७२१ च्या कायद्यानें पुढची पायरी गांठली : छापील सुती कापड अंगावर घालणें हाच गुन्हा ठरला व त्यास ५ पौंड दंड ठेवण्यांत आला. हा कायदा १७७४ पर्यंत टिकला. लोंकर व रेशीम विणणाऱ्या इंग्रज कारागिरांनीं ओरड केली म्हणून ही भिंत उभी राहिली; पण तिच्या आडोशाला वाढला तो लँकेशायरचा सुताचा धंदा. यंत्रें आलीं, वाफ आली, माल जगांत सर्वांत स्वस्त झाला, आणि मग भिंतीची गरज उरली नाहीं. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिस्ट यानें १८४१ सालच्या आपल्या ग्रंथांत नेमकें याच गोष्टीवर बोट ठेवलें आहे. ज्या शिडीनें माणूस वर चढला तीच त्यानें लाथेनें ढकलून दिली म्हणजे मागच्यांना वर येतां येत नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ. हा लिस्ट पुण्यापर्यंत येऊन पोंचला होता. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, त्यांत इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना व सर्व काळीं सारखेच लागू पडतात या समजुतीस त्यांनीं हरकत घेतली, आणि तिच्या समर्थनार्थ ज्यांचे दाखले दिले त्यांत लिस्ट हा एक होता.

रानड्यांच्या समोर उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नव्हतें. मुंबईंत कावसजी दावर यांची सुताची गिरणी ताडदेवला १८५६ सालीं चालू झाली, आणि पुढील वीस वर्षांत तिच्या मागोमाग अनेक गिरण्या उभ्या राहिल्या. त्या वेळीं विलायती कापडावर बंदरांत शेंकडा ५ जकात असे. ती कोणाच्या संरक्षणासाठीं बसविलेली नव्हती, सरकारी खर्च भागविण्यासाठीं होती. परंतु मुंबईच्या गिरण्यांचीं धुराडीं जसजशीं वाढूं लागलीं तसतसा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना या जकातींत संरक्षणाचा वास येऊं लागला. १८७७ सालीं कॉमन्स सभेनें ठराव केला कीं, हिंदुस्थानांतील सुती मालावरची जकात संरक्षक स्वरूपाची आहे, सबब तिजोरीची स्थिति परवानगी देतांच ती काढून टाकावी. तिजोरीची स्थिति त्या वेळीं कशी होती? १८७६ ते १८७८ दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला होता. तो सरतो न सरतो तोंच अफगाणिस्तानची लढाई सुरू झाली. अशा प्रसंगीं, १८७९ च्या मार्चांत, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं आपल्या कौन्सिलाचें बहुमत विरुद्ध असतांहि खास अधिकार वापरून ३० नंबरपर्यंतच्या सुताच्या जाड्या विलायती कापडावरील जकात उठविली. दुष्काळाच्या नांवानें नवे कर बसत होते, आणि हातचें उत्पन्न असें सोडून दिलें जात होतें. १८८२ सालीं मीठ, दारू अशा कांहीं जिनसा वगळून बाकी आयात जकातीहि गेल्या.

हें १८७९ साल ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याच वर्षीं बिस्मार्कनें धान्य आणि लोखंड या दोहोंवर जकात बसवून जर्मनीभोंवतीं कुंपण घातलें. पूर्वेकडचे जमीनदार व पश्चिमेकडचे कारखानदार यांची जी जोडी त्यानें तेव्हां जमविली ती पुढें कित्येक वर्षें जर्मनीचें राजकारण चालवीत होती. १८९० सालीं अमेरिकेनें आपल्या जकाती आणखी चढविल्या, १८९२ सालीं फ्रान्सनेंहि तोच मार्ग धरला. मोठीं राष्ट्रें अशा भिंती बांधीत असतां दोन मोठे दरवाजे सताड उघडे राहिले : इंग्लंडचा स्वेच्छेनें, आणि हिंदुस्थानचा हुकुमानें.

पुढें रुपयाचा भाव घसरला, विलायतेंत पाठवावयाच्या रकमेचा बोजा वाढला, आणि १८९४ सालीं सरकारला पैशासाठीं पुन्हां जकात बसवावी लागली. मँचेस्टरचें समाधान करण्याची युक्ति या वेळीं निराळी निघाली. १८९६ च्या कायद्यानें परदेशी कापडावर बंदरांत शेंकडा साडेतीन जकात ठरली, आणि हिंदी गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या कापडावर गिरणीच्या दाराशींच तेवढाच, शेंकडा साडेतीन, कर ठरला. याला समतोल म्हणण्यांत आलें. देशांत पिकलेल्या कापसाच्या, देशांतल्या मजुरांनीं विणलेल्या कापडावर दुसऱ्या देशाच्या समजुतीसाठीं कर घेण्याचा असा प्रकार इतिहासांत क्वचितच सांपडेल. शिवाय ज्या चढाओढीचें निमित्त सांगितलें जाई ती बहुतांशीं अस्तित्वांतच नव्हती. मुंबईचें कापड जाडेंभरडें, लँकेशायरचें तलम. दोहोंचें गिऱ्हाईक वेगळें. म्हणजे कराचा भार पडला तो जाडें कापड नेसणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांवर. टिळकांनीं याविरुद्ध बहिष्काराची हांक दिली. गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकांवर बोलतांना हा कर वारंवार धारेवर धरला. कर जागचा हालला नाहीं.

तो हालविण्यास सुरुवात केली महायुद्धानें. १९१४ सालीं लढाई जुंपली तेव्हां इंग्लंडला आढळून आलें कीं, कापड रंगविण्याचे रंग आपण जर्मनीकडून घेत होतों. स्वस्त माल जेथें मिळेल तेथून घ्यावा हें शांततेच्या काळीं शहाणपण. पण विकणाराच शत्रु झाला तर काय करावें, याचें उत्तर कॉब्डेनच्या पोथींत नव्हतें. १९१५ सालीं, आणि तेंहि खुल्या व्यापाराच्या अभिमानी लिबरल पक्षाच्या मॅकेना या अर्थमंत्र्याच्या हातून, मोटारी, घड्याळें, वाद्यें अशा चैनीच्या मालावर शेंकडा ३३ हून अधिक जकात बसली. जहाजांतील जागा वांचविण्यासाठीं ही तात्पुरती तजवीज आहे, असें सांगण्यांत आलें. तात्पुरत्या जकाती किती चिवट असतात हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं तिचा पुढचा इतिहास वाचावा.

हिंदुस्थानांतहि युद्धाच्या खर्चामुळें १९१७ सालीं कापडावरची आयात जकात साडेसातवर गेली. गिरण्यांवरचा कर मात्र साडेतीनच राहिला. लँकेशायरचें शिष्टमंडळ तक्रार घेऊन भारतमंत्र्यांकडे धांवलें. हे भारतमंत्री म्हणजेच पुढें १९३२ सालीं धाकट्या भावाचा हात हातांत घेणारे ऑस्टिन चेंबर्लेन. हिंदुस्थाननें युद्धासाठीं १० कोटि पौंडांचा भार उचलला आहे, तेव्हां ही जकात उठविणें शक्य नाहीं, असें त्यांनीं शिष्टमंडळास सांगितलें. मँचेस्टरच्या शब्दापुढें मुंबईची बाजू टिकली, हा प्रसंग तोंवर विरळाच. १९१९ च्या सुधारणांबरोबर असा संकेत पडला कीं, जकातीच्या बाबतींत हिंदुस्थान सरकार व कायदेमंडळ यांचें एकमत असेल तर विलायतेनें सहसा मध्यें पडूं नये. १९२१ सालीं मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालीं जकात-मंडळ नेमलें गेलें. त्यानें सांगितलें कीं, संरक्षण द्यावें, पण पारखून द्यावें : ज्या धंद्याला देशांत कच्चा माल आहे, ज्याला आधारावांचून उभें राहतां येत नाहीं, आणि जो कालांतरानें आधारावांचून चालेल, त्यालाच द्यावें. १९२४ सालीं पोलादास संरक्षण मिळालें. गिरण्यांवरचा तो साडेतीनचा कर १९२५ च्या डिसेंबरांत तहकूब झाला आणि १९२६ सालीं कायमचा गेला. तीस वर्षें तो टिकला होता.

मग आली १९२९ सालची मंदी, आणि तिनें जकातीच्या वादाचें रूपच पालटलें. १९३० च्या जूनमध्यें अमेरिकेच्या अध्यक्ष हूव्हर यांनीं जबर जकातीच्या कायद्यावर सही केली. हजारावर अर्थशास्त्रज्ञांनीं सही करूं नका म्हणून त्यांना अर्ज केला होता. तो व्यर्थ गेला. कॅनडानें उत्तर दिलें, युरोपांतील राष्ट्रांनीं दिलें. प्रत्येकानें आपल्या दारांत येणारा माल अडविला, आणि आपला माल दुसऱ्यानें घ्यावा अशी अपेक्षा ठेवली. राष्ट्रसंघानें ७५ देशांच्या आयातीचे आंकडे महिनावार मांडले आहेत. १९२९ च्या जानेवारींत ही आयात सुमारें ३०० कोटि सोन्याच्या डॉलरांची होती; १९३३ च्या जानेवारींत ती १०० कोटींच्याहि खालीं आली. यांत किंमतींची घसरण आहे, मंदी आहे, सगळें पाप जकातीच्या माथीं मारतां येणार नाहीं. पण चार वर्षांत व्यापाराचा एक-तृतीयांशच उरावा, यांत भिंतींचा वांटा लहान नव्हता. पुढें १९४७ सालीं जिनिव्हा येथें २३ देशांनीं जकाती उतरविण्याचा जो करार केला तो या आठवणीपोटींच होय. त्या २३ देशांत हिंदुस्थानहि होता.

इंग्लंडनें १९३१ च्या सप्टेंबरांत सुवर्णचलन सोडलें, दुसऱ्या वर्षीं जकात बसविली, आणि उन्हाळ्यांत ओटावा येथें साम्राज्यांतील देशांशीं करार करून परस्परांस सवलती दिल्या. जुने निष्ठावंत फिलिप स्नोडेन व हर्बर्ट सॅम्युएल मंत्रिपद सोडून बाहेर पडले. त्याहून अर्थपूर्ण गोष्ट १९३३ च्या एप्रिलांत डब्लिनला घडली. खुल्या व्यापाराच्या परंपरेंत वाढलेले जॉन मेनर्ड केन्स यांनीं तेथें राष्ट्रीय स्वयंपूर्णतेवर व्याख्यान दिलें. राष्ट्रें व्यापारानें गुंतलीं म्हणजे शांतता वाढते असें कॉब्डेन म्हणत. राष्ट्रांचें आर्थिक गुंतणें कमी झालें तरच शांतता वाढेल, असें केन्स म्हणूं लागले. मात्र त्याच व्याख्यानांत त्यांनीं मूर्खपणा, घाई आणि असहिष्णुता या तीन धोक्यांची सूचनाहि दिली. डी व्हॅलेरांच्या आयर्लंडला पहिला भाग गोड लागला असेल. इंग्लंडशीं त्याचें जकातयुद्ध तेव्हां चालूच होतें. इटलीनें गव्हाची मोहीम १९२५ पासूनच काढली होती. जर्मनीनें १९३६ च्या चार वर्षांच्या योजनेंत कोळशापासून पेट्रोल व कृत्रिम रबर करण्याचा जो सपाटा लावला त्याचें नांव स्वयंपूर्णता असलें तरी हेतु समुद्राची नाकेबंदी झाली असतांहि लढतां यावें हा होता. गांधीजींची चरख्याची स्वयंपूर्णता व ही, या दोहोंस एकच शब्द लागतो, हा भाषेचा दोष.

हिंदुस्थानांत या लाटेचा पहिला मोठा फायदा साखरेला झाला. १९३२ च्या संरक्षणानंतर पांच-सहा वर्षांत साखर-कारखाने तीस-बत्तिसांवरून सव्वाशेच्या वर गेले, आणि जावा बेटांतील साखरेची हिंदी बाजारपेठ बुडाली. कापडाची कथा मात्र इतकी सरळ नाहीं. मुंबईच्या गिरण्यांचा प्रतिस्पर्धी आतां लँकेशायर राहिला नव्हता. तो जपान झाला होता. १९३० च्या कायद्यानें ब्रिटिश कापडावर शेंकडा १५ व इतरांच्या कापडावर शेंकडा २० जकात ठरली. संरक्षण हवें होतें तें मिळालें, पण इंग्लंडला झुकतें माप देण्याच्या अटीवर. पंडित मालवीय यांनीं या कारणासाठीं कायदेमंडळाचा राजीनामा दिला. १९३१ च्या अखेरीस जपाननें सुवर्णचलन सोडलें, येनचा भाव कोसळला, आणि जपानी कापड मुंबईच्या बाजारांत आश्चर्य वाटावें इतकें स्वस्त झालें. १९३२ च्या ऑगस्टांत परकी कापडावरची जकात ५० झाली, १९३३ च्या जूनमध्यें ७५. गिरणीमालकांस दिलासा मिळाला. मजुरांस तो मिळाला असें म्हणवत नाहीं : याच दिवसांत मुंबईच्या गिरण्यांत पगारकपात चालू होती, आणि १९३४ च्या एप्रिलांत कोंकणांतून व घाटावरून आलेल्या त्या मजुरांनीं सार्वत्रिक संप केला. आणि मंदीनें हातांत पैसा नसलेल्या ज्या माणसानें जपानी कापड स्वस्त म्हणून घेतलें असतें, त्याच्या बाजूनें बोलणारें शिष्टमंडळ कोठेंच नव्हतें.

पण जकातीचा घाव सर्वांत अनपेक्षित ठिकाणीं बसला. जपानच्या गिरणीमालकांनीं प्रत्युत्तर म्हणून हिंदी कापूस घेणें बंद केलें. आंखूड धाग्याच्या हिंदी कापसाचें जपान हें सर्वांत मोठें गिऱ्हाईक. लँकेशायरला तो कापूस फारसा चालतच नसे. वऱ्हाड-खानदेशांत १९२९ पासून भाव आधींच पडले होते. मुंबईची गिरणी वांचविण्यासाठीं घातलेली भिंत अशी अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्याच्या आड आली. याच सुमारास, १९३३ च्या ऑक्टोबरांत, मुंबई गिरणीमालक संघाचे अध्यक्ष होमी मोदी यांनीं लँकेशायरच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर विल्यम क्लेअर लीस यांच्याशीं करार केला : लँकेशायरच्या मालास सवलत मिळावी, आणि लँकेशायरनें हिंदी कापूस अधिक खपवावा. अहमदाबादेनें त्यास विरोध केला. ज्या लँकेशायरनें मुंबईवर साडेतीनचा कर लादविला तें आतां मुंबईच्या दारीं तडजोडीस आलें होतें. १९१३ सालीं हिंदुस्थानांत त्याचें सुमारें ३०० कोटि वार कापड खपलें होतें, १९३८ पर्यंत त्याचा दहावा हिस्साहि उरला नाहीं.

जपानशीं बोलणीं १९३३ च्या सप्टेंबरांत सिमल्याला सुरू झालीं व १९३४ च्या जानेवारींत दिल्लीला संपलीं. जकात ७५ वरून ५० वर आली. जपाननें वर्षास १० लाख गांठी हिंदी कापूस घ्यावा आणि त्याच्या बदल्यांत ३२ कोटि ५० लाख वार कापड पाठवावें. कापूस अधिक घेतला तर कापडहि त्या मानानें वाढावें, पण १५ लाख गांठींस ४० कोटि वार ही शेवटची मर्यादा. कापूस कमी घेतला तर कापडहि कमी. आठवड्याच्या बाजारांत धान्य देऊन मीठ घ्यावें, तसा हा गांठींचा व वारांचा हिशेब दोन देशांच्या प्रतिनिधींनीं मांडून बसविला. त्यावर रीतसर सह्या मात्र १२ जुलै १९३४ रोजीं झाल्या, आणि त्या लंडनला.